पाठ नसलेला मंडप

लामुसाचं पत्र हरमाटानच्या दिवसांत आलं होतं, आणि मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवसांत उत्तरेकडून येणारी धूळ सगळ्यावर बसते, तशी पत्रावरही बसली. मी ती अधूनमधून झटकायचो, पत्र पुन्हा वाचायचो आणि शब्दकोशाखाली ठेवून द्यायचो. धुळीचे दिवस संपले, उन्हाळा लागला, आंब्यांना पाड लागला, तरी पत्र तिथेच होतं.

पत्र फार मोठं नव्हतं. तिने लिहिलं होतं:

‘मास्तर, फोनवर तुम्ही नुसतं “हो, हो, छान” म्हणता, म्हणून कागदावर विचारते आहे. मागच्या खेपेला मी पाहुण्यांना घेऊन आले तेव्हा मंडप भरलेला होता. फोटो चांगले आले, परदेशातल्या एका मासिकात छापूनही आले. पण सगळे उठून गेल्यावर मी बाकावरून हात फिरवला. इतकी वर्षं माणसं बसली असती तर बाक गुळगुळीत झाला असता. तो अजून खरखरीत आहे. मी कुणालाही विचारलं तरी एकच उत्तर, फार सुंदर आहे, देव तुझं भलं करो. आता प्रसूतिगृहाच्या आवारात बायकांसाठी थांबायची जागा बांधायची आहे. तसाच गोल मंडप, थोडा लहान. पावसाआधी पाया घालायचा आहे. मास्तर, तुम्ही माझे सामो आहात. खरं सांगा, बांधू का?’

सोबत एक चित्र होतं. त्याचीच मोठी प्रत प्रसूतिगृहाच्या भिंतीवर चिकटवलेली होती आणि येणारीजाणारी प्रत्येक बाई तिच्यासमोर थांबून ‘किती छान’ म्हणून पुढे जात होती.

‘तुम्ही माझे सामो आहात’ या वाक्यानेच माझी झोप उडवली होती. मी सामो जमातीचा आहे हे खरं. माझं नाव आन्सेल्म तोए. शाळेत शिकवायला म्हणून या मोसी लोकांच्या गावात आलो आणि निवृत्त झाल्यावरही इथेच राहिलो. मोसी आणि सामो यांचं नातं थट्टेचं. मोसीने सामोला वाटेल ते बोलावं, सामोने मोसीला त्याहून वाईट बोलावं, आणि कुणी रागवायचं नाही. रागावला तो हरला. जे सख्खा भाऊ तोंडावर सांगू शकत नाही ते सामो भर बाजारात सांगू शकतो. गावातली पोरं मला ‘कुत्र्याची डोकी खाणारे आजोबा’ म्हणून हाक मारतात, आणि मी त्यांना उलट ‘माझ्या आजोबांच्या गुलामांनो’ म्हणायचं असतं. पण मला ते कधी जमलं नाही. मी हसतो आणि चालू लागतो. सामो असून टोमणा मारता न येणं म्हणजे लोहार असून विस्तवाला भिण्यासारखं आहे, असं माझी बायको म्हणायची. ती मोसी होती. तिच्या टोमण्यांवर आमचा संसार चालला.

लामुसा माझ्याकडे पहिली-दुसरीत होती. मग तिच्या काकाने तिला आबिजानला नेलं. पुढे लोमेला जाऊन ती इमारती बांधायला शिकली, वागाडुगूत तिने स्वतःचं ऑफिस काढलं, आणि तिथून पहिलं काम केलं ते आमच्या गावासाठी. बाजार आणि मशीद यांच्या मधल्या मोकळ्या जागेत गावाचा मंडप. जांभ्या दगडाचे खांब, वर निलगिरीच्या वाशांची जाळी आणि तिच्यावर फटी ठेवलेलं छप्पर, खाली घोटलेली जमीन, आणि सगळ्यांना एकमेकांचे चेहरे दिसावेत म्हणून आतून गोल फिरलेला एकच दगडी बाक. भिंत एकही नाही. उद्घाटनाच्या वेळी ती म्हणाली होती, ‘या मंडपाला पुढची बाजू नाही, मागची बाजू नाही. इथे कुणी मागे राहणार नाही.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझे डोळे भरून आले होते.

त्यानंतर तिथे कुणी बसलं नाही.

म्हणजे शेळ्या बसल्या. पाहुणे आले की मात्र सगळं गाव येऊन बसायचं. नाबाच्या, म्हणजे गावच्या प्रमुखाच्या, वाड्यावरून निरोप निघाला की बायका चांगली लुगडी नेसून यायच्या, म्हातारे टोप्या घालून यायचे, आणि सगळे एका बाकावर, समोरासमोर. ‘ते बसणं थोडंच आहे, तो फोटो आहे,’ असं शेजारची हादो म्हणायची. फोटो काढणारे गेले की गाव उठून आपापल्या कडुनिंबाखाली जायचं. त्यात कुणाचं कपट नव्हतं. आपल्या पोरीने आपल्यासाठी बांधलेली वस्तू रिकामी दिसू नये, इतकंच.

न बसण्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं. आमच्याकडे सून सासऱ्याच्या समोर बसत नाही, त्याच्या उंचीवर तर नाहीच. धाकटा थोरल्याच्या डोळ्यांत बघत नाही. घराच्या अंगणातसुद्धा बायकांना मागून जायची वाट असते. म्हाताऱ्यांची बसायची जागा असते ती कणसं काढून घेतलेल्या ताटांचा मांडव, एका बाजूने उघडा, आणि बाकीचं जग त्याच्या पाठीमागून ये-जा करतं. लामुसाच्या मंडपात कुठेही बसलं तरी कुणाच्या तरी समोरच बसावं लागतं, आणि गावात कुणाचा सासरा नाही असं कोण आहे? ती आबिजानला वाढली. ती इथे कुणाची सून झाली नाही. तिला कोण सांगणार?

मी, असं पत्र म्हणत होतं.

मी उत्तर लिहायला बसायचो तेव्हा शाळेतली भाषा माझ्या हातात यायची. ‘आपल्या कार्याचा आम्हा सर्वांस अभिमान आहे, तथापि…’ तथापिनंतर पेन थांबायचं. मला वाटायचं, मला इमारतींतलं काय कळतं? मासिकवाल्यांना कळत असेलच की. कदाचित पुढची पिढी बसेल. कदाचित मी जुनाट झालो असेन. असे ‘कदाचित’ मला पुष्कळ सापडतात, सबंध आयुष्य सापडत आलेत. मग मी कागद घडी करून ठेवून द्यायचो आणि थकून आडवा व्हायचो.

हादो माझी शेजारीण. विधवा आहे, प्रसूतिगृहाच्या फाटकापाशी भात आणि चवळी विकते. एका सकाळी परातीवर फडकं टाकता टाकता तिने मला हाक मारली.

‘अहो कुत्रेखाऊ, जिवंत आहात ना? का तुमच्या नातलगांनी येऊन पुरून टाकलं?’

‘आहे,’ मी म्हणालो.

‘नुसतं “आहे”! असला कसला हो सामो तुम्ही? बदलून मागायला हवा होता.’ परात डोक्यावर घेऊन ती थांबली. ‘तलातो आठवते? वस्तीवरची. तीच, जिचं पहिलं बाळ गाढवाच्या गाडीवर, वाटेतच…’ तिने वाक्य पुरं केलं नाही. ‘पुन्हा दिवस गेलेत. नर्सबाई म्हणाली, शेवटच्या महिन्यात इथेच येऊन राहा, घरी थांबू नकोस. आता नवीन जागा होईल, खाटा होतील. पोरगी हो म्हणाली. मग भिंतीवरचं चित्र बघितलं आणि गप्प झाली.’

‘काय म्हणाली?’

‘“किती छान” म्हणाली. काय म्हणेल?’ हादो पुढे निघाली. ‘पण ती येणार नाही. तिचा चुलत सासरा फाटकासमोर राहतो.’

त्या दुपारी मी पत्र, कोरे कागद आणि पेन घेऊन मंडपात गेलो. घरात बसून खोटं लिहिलं जातं, तर तिथे बसून बघावं, एवढाच विचार होता. ऊन असं होतं की बाजारातले कुत्रेही खांबांच्या सावलीत सरकत होते. मंडपात मात्र गार होतं. वारा आरपार जात होता. वर बघितलं तर वाशांच्या जाळीतून उन्हाचे तुकडे जमिनीवर पडलेले. पोरीने खरंच सुंदर बांधलं होतं. मला पुन्हा शंका आली.

तेवढ्यात नोरागो आला. नाबाच्या मानकऱ्यांपैकी एक, सत्तरी ओलांडलेला, हातात काठी. तोच तलातोचा चुलत सासरा. मला एकटं बसलेलं बघून त्याला राहवलं नाही.

‘काय रे तोए, कुत्रं शिजायची वाट बघतोयस?’

‘बसा,’ मी म्हणालो.

‘बसतो. सामोने मागायचं आणि मोसीने द्यायचं, ही तर जुनीच रीत.’ तो माझ्या बरोबर समोर बसला, कारण तिथे बरोबर समोरच बसावं लागतं. ‘काय लिहितोयस?’

‘लामुसाला पत्र. मंडप कसा आहे, विचारतेय.’

‘फार सुंदर आहे म्हणून लिही. माझाही नमस्कार लिही.’

‘तुम्ही इथे का येत नाही बसायला?’

‘येतो की. आलोय ना!’ तो हसला, मग जमिनीवरचे उन्हाचे तुकडे काठीने टोचत राहिला. ‘सुंदर आहे रे,’ तो जरा वेळाने हळूच म्हणाला. याहून जास्त तो काही सांगणार नव्हता.

तलातो दवाखान्याकडून येताना मला दिसली. पोट पुढे आलेलं, एक हात कमरेवर, पायांना सूज. वस्तीकडे जाणारी गाडी बाजारापाशी लागते आणि ऊन उतरल्याशिवाय सुटत नाही. ती सावली बघून मंडपाकडे वळली. जवळजवळ आत पाऊल टाकणार, तेवढ्यात तिला नोरागो दिसला.

ती थांबली. गुडघे वाकवून, मान खाली घालून तिने नमस्कार केला. नोरागोने दुसरीकडे बघत आशीर्वाद पुटपुटला. आणि मग तिघेही अडकलो. ती बसू शकत नव्हती. पाठ फिरवून निघूनही जाऊ शकत नव्हती, कारण जाणार कुठे, सगळीकडे ऊन. नोरागो उठू शकत नव्हता. तो उठला असता तर सुनेने त्याला उठवलं असं झालं असतं. त्याने मानी माणसाला करता येण्यासारखी एकच गोष्ट केली. डोळे मिटून घेतले. झोपला नव्हता. त्याचा अंगठा काठीवर वर-खाली होत होता.

तलातो मंडपाला बाहेरून वळसा घालून माझ्या मागे आली आणि बाकाच्या पलीकडे, छपराच्या कडेच्या हातभर सावलीत जमिनीवर बसली. माझ्या पाठीला तिची पाठ लागली नाही, पण तिचा श्वास मला ऐकू येत होता. धाप लागली होती.

‘आजोबा,’ ती कुजबुजली, ‘हलू नका.’

मी किडकिडीत माणूस. भिंत म्हणून माझा काही उपयोग नाही. मी अंगातला झगा दोन्ही बाजूंनी बाकावर पसरला, कोपरं बाहेर काढली, आणि लिहितो आहे असं दाखवत ताठ बसलो. तिने पाय लांब केले असावेत, कारण धाप हळूहळू कमी झाली.

‘तिथेही असंच होणार ना?’ ती मागून म्हणाली. ‘चित्रातलं?’

‘असंच. थोडं लहान.’

बाकामागे तिने पाय जवळ ओढले.

‘मग मी घरीच राहीन. नर्सबाईंना सांगू नका. चांगल्या आहेत त्या, वाईट वाटेल त्यांना.’

‘अगं, पण मागच्या वेळी…’

‘मागच्या वेळी गाडीवर निदान माझ्यावर चादर होती,’ ती म्हणाली. ‘कुणी बघितलं नाही.’

त्यानंतर ती झोपली. मला ते तिच्या श्वासावरून कळलं. समोर नोरागो डोळे मिटून जागा, मागे ती झोपलेली, मध्ये मी. माझ्या कमरेत कळ यायला लागली, मग पाय बधीर झाले. सावली सरकत होती आणि मला सरकता येत नव्हतं. आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी नुसता बसून राहिलो आहे, सभांत, लग्नांत, मयतीत, काही न बोलता. त्या दिवसाइतका थकलो नव्हतो. पंचवीस माणसांना बसता येईल अशा सुंदर मंडपात आम्ही तीन माणसं धड बसू शकत नव्हतो आणि त्या तिघांपैकी कुणीही पोरीला ते सांगणार नव्हतं.

गाडीचा भोंगा वाजला तेव्हा तलातो उठली, अंगावरची धूळ झटकून, तोंड न दाखवता बाजूने निघून गेली. नोरागोने डोळे उघडले.

‘डुलकी लागली,’ तो म्हणाला.

‘बरं झालं,’ मी म्हणालो.

‘गार आहे इथे.’ काठीवर जोर देऊन तो उभा राहिला. ‘फार सुंदर बांधलंय आपल्या पोरीने. लिही तसं.’

तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं त्याचं मलाच नवल वाटलं. ‘नोरागो,’ मी म्हणालो, ‘तू माझ्या आजोबांचा सगळ्यात आळशी गुलाम असणार. त्यांनी तुला विकला कसा नाही?’

म्हातारा थबकला. मग त्याचं सगळं तोंड फुललं. ‘अरे! सामो बोलला!’ तो बाजारभर ओरडत गेला. ‘ऐका रे, तोए बोलला! कुत्र्याचं डोकं पचलं त्याला!’ मी तिथेच बसून राहिलो. पायांत मुंग्या येत होत्या आणि उठता येत नव्हतं.

उत्तर मी दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिलं आणि हादोला वाचून दाखवलं. तिला वाचता येत नाही, आणि फ्रेंच कळत नाही, म्हणून मी वाक्यावाक्याला मोरेमध्ये, मोसींच्या भाषेत, सांगत गेलो. ती चवळी निवडत होती.

‘थांबा,’ ती म्हणाली. ‘ही शिवी आहे की बारशाचा आशीर्वाद? “तुझा मंडप जरा उघडा वाटतो.” जरा? तुम्ही तिचे सामो ना? मग बोला की तसं!’

‘तूच सांग काय लिहू.’

‘मी कशी सांगणार? ती आमची पोर. आम्ही तोंडाने वाईट बोलायचं नाही. तुमची गोष्ट वेगळी, तुम्हाला कोण विचारतं?’ तिने एक खडा बाजूला फेकला. ‘आणि हे लिहा, हादोची कोंबडीसुद्धा तिथे अंडं घालत नाही. माझ्या टोपलीमागे येते. हे मी सांगितलं म्हणून लिहू नका.’

‘मग कोणी सांगितलं?’

‘कोंबडीने.’

मी तो कागद फाडला आणि नवा घेतला. या वेळी बोललो तसं लिहिलं:

‘लामुसा, माझ्या आजोबांच्या गुलामाची पणती,

तुझा बाक खरखरीत आहे कारण तुझ्या मंडपात कुणी बसत नाही. पाहुणे येतात तेव्हा गाव फोटोसाठी येतं. तुला कुणी सांगितलं नाही कारण तू त्यांची लाडकी आहेस, आणि मी सांगितलं नाही कारण मी भित्रा आहे. सामोंमध्ये असा एखादा निघतो, त्याला आम्ही मोसींच्या गावी पाठवून देतो. तू म्हणाली होतीस, याला मागची बाजू नाही. तेच चुकलं, बाई. इथे माणसं मागच्या बाजूने जगतात. सुनेला सासऱ्याच्या मागे बसायला जागा लागते, म्हाताऱ्याला न बघता बसायला जागा लागते. काल तलातो नावाची एक पोर माझ्या पाठीआड झोपली. दिवस भरत आलेत तिचे. पहिलं मूल तिने गाडीवर गमावलं, आणि तू दवाखान्यात असाच मंडप बांधलास तर दुसऱ्या वेळी ती घरीच थांबणार आहे. तसं ती मला म्हणाली. हादोची कोंबडी तिथे अंडं घालत नाही, हे कोंबडीने सांगितलं.

असा मंडप बांधू नकोस. कसा बांधायचा ते मला कळत नाही. पण येऊन चार दिवस हादोच्या घरी सून म्हणून राहा. पाणी भर, म्हाताऱ्यांसमोर गुडघे टेक, आणि दुपारी कुठे बसावंसं वाटतं ते बघ. मग त्या जागेवर छप्पर घाल.

एक भिंत तरी असू दे. माझी पाठ दुखते.’

खाली सही केली. वाचून बघितलं नाही. वाचलं असतं तर ‘तथापि’ कुठेतरी शिरलं असतं.

पोस्टात उकडत होतं. खिडकीमागचा कारकून मोसीच, तरुण, मान वाकडी करून पंख्याच्या वाऱ्यात बसलेला.

‘या आजोबा. कुत्र्याची डोकी मागवताय वाटतं वागाडुगूहून?’

‘नाही. मोसींची डोकी ताळ्यावर आणतोय,’ मी म्हणालो, आणि लगेच वाटलं, फार झालं का?

तो खदखदून हसला. तिकिटं चिकटवली, शिक्का मारायला पाकीट घ्यायला गेला, तर ते निघेना. मी त्याचं दुसरं टोक अजून धरून होतो. पोरीने इतकी वर्षं राबून बांधलेलं. मासिकात आलेलं. मला कोणी अधिकार दिला? आता तिने चित्र पुन्हा काढायचं, पुन्हा पैशांसाठी कुणाच्या तरी दारात उभं राहायचं, पावसाआधी होणार नाही, मग कधी होणार? आणि तलातोचे दिवस काही थांबणार नाहीत. तिच्यापुरती तर हादोच्या घरात एक खाट टाकावी लागेल, मागच्या बाजूला. तेवढं हादोला विचारायला हवं होतं.

‘आजोबा,’ कारकून म्हणाला, ‘सोडा की.’

मी सोडलं. त्याने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.